१८४०ची पेल एल डर्बीच्या स्वयंपाकघरात, आणि जिन्याखाली फुटलेल्या सहा बाटल्या

पीपवाला | १ मार्च, रात्री १०:२०

मागच्या हिवाळ्यात इथल्याच एका धाग्यावर मी बढाई मारून गेलो होतो की एकोणिसाव्या शतकातली इंडिया पेल एल, म्हणजे हिंदुस्थानात पाठवायची फिकी, कडू बिअर, घरी करून दाखवतो. तेव्हापासून दोघातिघांनी व्यक्तिगत निरोप करकरून पिच्छा पुरवलाय. तर हा हिशेब.

मी डर्बीला राहतो. बर्टन-ऑन-ट्रेंट इथून गाडीने अर्ध्या तासावर. इंग्लंडात घरी बिअर करायला १९६३ पासून परवाना लागत नाही (विकायची मात्र नाही), त्यामुळे हा उद्योग चारचौघांत सांगता येतो. सहा वर्षं साध्या बिअर केल्या आणि मग जुन्या भट्ट्यांच्या नोंदवह्यांची चटक लागली. त्यातलं पान वाचलं की पहिला धक्का बसतो तो साधेपणाचा. माल्ट (मोड आणून वाळवलेलं धान्य) एक, हॉप्स (कडवटपणासाठी घालायची वेलीची फुलं) एका जातीचे, फार तर दोन, पाणी, यीस्ट. आज दुकानात पेल एलचं सामान मागितलं तर चार प्रकारची माल्टं पुढ्यात येतात, त्यातलं कॅरॅमल चवीचं क्रिस्टल माल्ट १८४० च्या वहीत शोधून सापडत नाही. मला वाटलं, हे तर वरण-भातापेक्षा सोपं आहे.

थोडा इतिहास, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. हिंदुस्थानात पेल एल पाठवण्यात आधी हॉजसनचं नाव होतं. त्याची भट्टी लंडनच्या पूर्वेला बो इथे, ईस्ट इंडिया कंपनीची जहाजं लागायची तिथून जवळ. कप्तानांना तो वर्ष-दीड वर्षाच्या उधारीवर माल द्यायचा. बर्टनवाले त्या काळात गोड, काळपट, जड एल रशियाला विकत होते. १८२२ मध्ये रशियाने जकात चढवली आणि ते गिऱ्हाईक गेलं. तेव्हा कंपनीचे एक संचालक, कॅम्पबेल मार्जोरीबँक्स, यांनी सॅम्युअल ऑलसॉपला जेवायला बोलावून हॉजसनची बाटली पुढे ठेवली आणि म्हणाले, अशी करून दाखव. ऑलसॉपचा माल्टवाला जॉब गुडहेड, त्याने पहिला नमुना म्हणे चहाच्या किटलीत केला. किटलीची गोष्ट मला फार धीर देते. माझी कढई किटलीपेक्षा मोठी आहे.

बर्टनचं पाणी नदीचं नाही, विहिरींचं, आणि त्यात जिप्सम भरपूर. जिप्सम म्हणजे आपल्या गणपतीच्या प्लास्टर ऑफ पॅरिसचा थोरला भाऊ. त्याने कडवटपणा धारदार आणि कोरडा लागतो. १८७८ मध्ये व्हिन्सेंट नावाच्या रसायनज्ञाने सांगितलं की हा क्षार बाहेरून घातला तरी चालतो, मग सगळ्या गावांचं बर्टन झालं. मी ३० लिटर पाण्याला २० ग्रॅम घातलं. (खाण्यायोग्य मिळतं ते. मूर्तिकाराकडून आणू नका.)

माल्टसाठी शेव्हालिए जातीचा सातू घेतला, साडेसहा किलो. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडात जिकडेतिकडे हाच पिकायचा, मग मागे पडला. नॉरिचच्या जॉन इनेस सेंटरने बियाणं जपलेल्या थोड्या दाण्यांपासून तो पुन्हा वाढवला, म्हणून आज पोत्याने मिळतो. नेहमीच्या माल्टपेक्षा महाग, पण चव खरंच वेगळी. कच्चे दाणे चावले तर भाजलेल्या पोह्यांसारखे लागतात.

आता हॉप्स. वहीत बॅरलला सहा पौंड. बॅरल ३६ गॅलनचं, म्हणजे वीस लिटरला साधारण ३३० ग्रॅम. आजच्या साध्या बिटरला (रोजची इंग्लिश कडू बिअर) तेवढ्याच बिअरमागे ६०-७० ग्रॅम पुरतात. मी आकडा तीनदा तपासला. तरी ३३०च.

ईस्ट केंट गोल्डिंग्जची सुकी फुलं उकळत्या कढईत पडत गेली आणि कढईचं कुरण झालं. डाव उभा राहायचा. दोन तास उकळलं. आई तेव्हा साताऱ्याहून आली होती. ती जिन्यावरूनच म्हणाली, "किराईत उकळतोयस का रे? कुणाला ताप आलाय?" गाळताना कळलं की फुलं पाणी किती पितात. २३ लिटरमधले चार लिटर त्या ओल्या हिरव्या ढिगाने गिळले. मलमलीत घालून पिळायचा मोह झाला, आईने खरंच पिळायला सुरुवातही केली होती. तिला थांबवलं, कारण पिळल्यावर तुरटपणा उतरतो असं वाचलं होतं. तिचं मत असं की एवढ्या कडूत तुरट कुणाला कळणार. नंतर पटलं.

ग्रॅव्हिटी, म्हणजे साखर किती उरली ते सांगणारा घनतेचा आकडा, १.०६६ वरून दोन आठवड्यांत १.०१४ ला आली. तिसऱ्या आठवड्यात चव घेतली. कारल्याचा रस. साखर न घातलेला.

आणि इथेच माझी अक्कल कमी पडली. वहीत काय असतं? किती माल्ट, किती वाजता पाणी, किती तापमान, किती हॉप्स. भट्टीच्या दारातून पीप बाहेर पडलं की वही संपते. पण ही बिअर खरी होते ती त्यानंतर. बर्टनला पिपं महिनोन् महिने आवारात उघड्यावर रचून ठेवत. मग जहाज, केप ऑफ गुड होपला वळसा, चार ते सहा महिने, विषुववृत्त दोनदा. कलकत्त्याला बूच निघायचं तेव्हा बिअर वर्ष-दीड वर्षाची. म्हणजे माझ्याकडे पाककृती अर्धीच होती आणि मी ती पूर्ण समजून बसलो होतो.

मग मी अतिशहाणपणा केला. आठ लिटर तशीच बाटलीबंद केली. उरलेली दहा लिटर काचेच्या बरणीत घालून त्यात ब्रेटानोमायसिस सोडलं. हे जंगली यीस्ट जुन्या लाकडी पिपांत वस्तीला असायचं. नेहमीच्या यीस्टला न पचणारी साखर ते संथपणे, महिनोन् महिने खात बसतं. मेमध्ये माझा धीर सुटला. बरणी शांत दिसत होती, आकडा अजून १.०१४. नेहमीएवढी साखर घालून अठरा बाटल्या भरल्या आणि जिन्याखाली ठेवल्या.

जुलैत उकाडा आला. रात्री पावणेतीनला पहिली फुटली. आम्हाला वाटलं चोर. मग दुसरी. तिसरीनंतर कुणी दार उघडायला तयार होईना. सहा गेल्या. उरलेल्या बारा मी ओव्हनचे हातमोजे, सायकलचं हेल्मेट आणि हिवाळी कोट घालून बाथटबमध्ये नेल्या आणि एकेकीचं झाकण किंचित सैल करून वायू सोडला. मोजलं तेव्हा आकडा १.००८. बाटलीत ग्रॅव्हिटीचा एक अंक (०.००१) उतरला की बिअरच्या आकारमानाच्या जवळपास निम्म्याइतका वायू तयार होतो. सहा अंक म्हणजे तिप्पट, वर माझी साखर. काच बिचारी काय करणार.

न फुटलेल्यांची चव पुढच्या प्रतिसादात लिहितो, आता झोप आलीये. दरम्यान एक प्रश्न: पुढची पाळी लंडन पोर्टरची, म्हणजे तिथल्या काळ्या बिअरची. जुन्या पद्धतीचं ब्राउन माल्ट कुणी घरी केलंय का?

———

हिरवी_वेलची | १ मार्च, रात्री ११:०५

आईंचं किराईत, हसून हसून पुरेवाट. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.

साडेसहा किलो सातूच्या चोथ्याचं काय केलंत ते नाही लिहिलं. मी असते तर थालीपिठं लावली असती.

———

पीपवाला | २ मार्च, सकाळी ७:४०

वेलचीताई, लावली. आईनेच. कांदा, तीळ, ओवा घालून. चव छान, पण सातूची टरफलं दातांत अशी अडकतात की संध्याकाळपर्यंत काडी फिरवत बसलो. चोथा वाळवून, दळून, चाळून घेतला तर जमतं. बाकीचा दहाएक किलो शेजारच्या बाईंच्या कोंबड्यांना. त्या बदल्यात अंडी येतात.

———

तर्कटतात्या | २ मार्च, दुपारी १:१५

लेख आवडला. आता माझं नेहमीचं काम.

एक. वाचणाऱ्याचा समज होईल की इंडिया पेल एल हिंदुस्थानासाठी "शोधून काढली". तसं नाही. बड्या घरांतून ऑक्टोबरमध्ये करून वर्ष-दोन वर्षं मुरवायची फिकी, कडक, भरपूर हॉप्सची बिअर आधीपासून होती, हॉजसनने तीच जहाजावर चढवली. छापील "ईस्ट इंडिया पेल एल" हे नाव सापडतं ते १८२९ च्या सिडनीतल्या एका जाहिरातीत. हिंदुस्थानात नव्हे, सिडनीत!

दोन. पेल एल प्यायचे ते साहेब. गोरे शिपाई पोर्टर प्यायचे, आणि इंग्लंडातून इकडे पोर्टरही पिपांच्या पिपांनी यायची. उकाड्यात काळी बिअर कशी प्यायचे हा प्रश्न आपल्याला पडतो, त्यांना पडत नव्हता.

तीन. वह्या वाचणाऱ्यांसाठी. १८२६ आधीच्या वहीतला बिअरचा गॅलन आणि नंतरचा इंपीरियल गॅलन एक नाही. जुना २८२ घनइंचांचा, नवा साधारण २७७. फरक किरकोळ, पण वाद घालायला पुरतो. आणि ग्रॅव्हिटी तुमच्यासारखी १.०६६ अशी लिहिलेली नसते, "बॅरलला अमुक पौंड" अशी असते. त्या आकड्याला ३६० ने भागायचं आणि एक मिळवायचा. २३.४ पौंड म्हणजे १.०६५.

चार. ब्रेटानोमायसिसला तुम्ही अतिशहाणपणा म्हणता, मी म्हणणार नाही. क्लाउसेनने १९०४ मध्ये कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेतून ते जगासमोर आणलं ते इंग्लिश मुरवलेल्या बिअरमधूनच. नावाचा अर्थच "ब्रिटनची बुरशी". तुमची चूक यीस्टची नव्हती, मे महिन्याची होती.

———

किमया_पुणे | २ मार्च, दुपारी ४:३०

वाचून हात शिवशिवताहेत. पुण्यात घरच्या घरी वीस लिटर केली तर चालतं का? विकणार नाही, फक्त मित्रांसाठी.

———

तर्कटतात्या | २ मार्च, सायंकाळी ५:०२

नाही चालत. १९४९ चा दारूबंदी कायदा महाराष्ट्रात अजून लागू आहे, परवान्याशिवाय मद्य तयार करणं हा गुन्हा. स्वतःसाठी, मित्रांसाठी, औषधासाठी, कशासाठीही. पुण्यात परवाना घेऊन जागेवर ताजी बिअर करणाऱ्या छोट्या भट्ट्या आहेत, तिथे जाऊन करणाऱ्याशी गप्पा मारा. काही जण फार आनंदाने दाखवतात.

———

बर्लिनकर | २ मार्च, रात्री ९:४८

तुम्ही सगळे इंग्लंडातच अडकलात. एकोणिसाव्या शतकात जर्मन मुलुखात काय काय होतं ते बघा: ओकच्या धुरावर वाळवलेल्या गव्हाची ग्रोजिस्क गावची बिअर (गाव आता पोलंडात), थुरिंगियात धुरकट आणि आंबट दोन्ही असलेली लिश्टेनहायनर, आमची बर्लिनर वाइस. मी गेली तीन वर्षं गोजे करतोय. लायपझिगची लाडकी, मूळची गोस्लारची. निम्मा गहू, आंबटपणासाठी लॅक्टिक जिवाणू, आणि उकळताना मीठ आणि धणे.

कृती सोपी. वर्ट (माल्टचं गोड पाणी) गाळून घ्यायचं, ४० अंशांवर आणायचं आणि सरळ विरजण लावायचं. मी दुकानातल्या साध्या दह्यातलं चमचाभर पाणी लावतो, पातेलं गोधडीत गुंडाळतो. दीड दिवसात आंबट होतं. मग उकळून जिवाणू मारायचे, हॉप्स नावाला, यीस्ट. जुन्या काळी अर्थात असं पायरीपायरीने नव्हतं, जिवाणू आणि यीस्ट एकत्रच नांदायचे. गोजेच्या जुन्या बाटल्यांना लांबच लांब मान असायची आणि बूच नसायचं. यीस्टचा फेस वर चढून मानेत सुकायचा, तेच बूच. पीपवाला, तुमच्या जिन्याला ही बाटली परवडली असती.

———

हिरवी_वेलची | २ मार्च, रात्री १०:१०

आंबट, मीठ, धणे... अहो हा मठ्ठा झाला! आता फक्त जिलबी वाढा.

———

बर्लिनकर | २ मार्च, रात्री १०:१४

माझ्या सासऱ्यांनी अगदी हेच वाक्य म्हटलं होतं, आणि दुसरा ग्लास मागितला होता.

———

लुईव्हिलची_सून | ३ मार्च, पहाटे ५:५५

अमेरिकेतून हजेरी. ज्यांना पीपवाल्यांसारखा वर्षभराचा धीर नाही त्यांच्यासाठी आमच्या गावची केंटकी कॉमन. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातली कामगारांची बिअर, आठवडाभरात पिपात भरून गुत्त्यावर. सहा रांगांच्या कणसाचं सातू, एक तृतीयांशापर्यंत मका, रंगापुरतं काळं माल्ट.

मक्याची कणी आधी वेगळी शिजवून घ्यायची, अगदी कण्यांच्या पेजेसारखी, आणि बुडाला लागू द्यायची नाही. पहिल्या वेळी मी फोन घेतला आणि लागली. सगळ्या बिअरला करपलेल्या पिठल्याचा वास. नवरा म्हणाला, स्मोक्ड बिअर म्हणून खपवू.

———

रानभूल | ३ मार्च, सकाळी ११:२०

पोर्टरचा विषय निघालाच आहे तर एक सावधगिरी. जुन्या छापील कृतींमध्ये कधीकधी "कॉक्युलस इंडिकस" असं लिहिलेलं सापडतं. ती आपली काकमारी. सह्याद्रीत, कोकणात दिसणारी दांडगी वेल. तिची फळं पाण्यात कुटून टाकली की मासे गुंगून वर येतात, त्यासाठीच ती वापरत. लंडनचे काही भट्टीवाले माल्ट वाचवून नशा वाढवायला हीच फळं बिअरमध्ये घालायचे. १८१६ च्या कायद्याने माल्ट आणि हॉप्सखेरीज बाकी सगळ्याला बंदी केली, आणि तरी १८२० मध्ये अकुम या रसायनज्ञाला भेसळीवर अख्खं पुस्तक लिहावं लागलं. फळात पिक्रोटॉक्सिन असतं, आकडी येऊन माणूस दगावू शकतो. अस्सलपणाच्या नादात कुणी गंमत म्हणूनही घालू नये.

अवांतर: आपल्या रानातली वेल त्या काळी लंडनच्या पोर्टरपर्यंत पोचली होती आणि आपल्याला पत्ता नाही.

———

पीपवाला | ३ मार्च, रात्री ९:३०

रानभूल, हे माहीतच नव्हतं. धन्यवाद. मी एका कृतीत ते नाव वाचून मसाल्याचा प्रकार समजलो होतो!

तात्या, एक ते चार सगळं मान्य. विशेषतः मे महिना.

आता चवीचं. बिनब्रेटची बाटली सहा महिन्यांनी उघडली: कडवटपणा होता, पण कारलं गेलं होतं. अकराव्या महिन्यात संत्र्याच्या सालीच्या मुरंब्यासारखा वास आणि मागे कोरडं, खडूसारखं काहीतरी, बहुधा जिप्सम. चांगली होती. ब्रेटवाली मात्र आज, चौदाव्या महिन्यात, धाग्याच्या निमित्ताने उघडली. फेस अजून दांडगा, मोरीतच उघडावी लागली. पहिला वास जुन्या चामड्याचा, घोड्याच्या खोगिराचा म्हणतात तसा. मग सुकं गवत. कडू आहे, पण ते कडू आता एकटं नाही. रंग फिकट सोनेरी, तळाचा गाळ सोडला तर आरपार दिसते. कलकत्त्यातल्या साहेबाने प्यायली ती अशीच असेल असं मी म्हणणार नाही, पण तिसऱ्या आठवड्यातली मी ओतून देणार होतो, आणि पाककृती तर तेव्हाही तीच होती.

चार उरल्यात. एकीवर मी पुढच्या वर्षाची तारीख लिहून ठेवलीये आणि किल्ली बायकोकडे दिलीये.

ब्राउन माल्टचं कुणीच बोललं नाही?

———

तर्कटतात्या | ४ मार्च, सकाळी १०:०५

बोलतो. आजचं ब्राउन माल्ट पिंपात घालून हळूहळू भाजतात. त्यात स्टार्चची साखर करणारी विकरं उरत नाहीत, म्हणून पेल, म्हणजे फिक्या, माल्टच्या आधाराशिवाय ते चालत नाही. अठराव्या शतकातली पोर्टर मात्र निव्वळ ब्राउन माल्टची असायची. हर्टफर्डशरमधलं वेअर हे त्याचं मोठं गाव. तिथे ओल्या माल्टखाली लाकडाचा झपाट्याने जाळ करायचे, दाणे टणाटण फुगायचे. त्याला "फुललेलं" माल्टच म्हणत. आपल्या भाषेत लाह्या. भट्ट्यांना आगीही लागायच्या.

ते मागे पडलं सॅकॅरोमीटरमुळे, म्हणजे साखर मोजायच्या उपकरणामुळे. रिचर्डसनने १७८४ मध्ये आकडे मांडून दाखवलं की ब्राउन माल्टमधून पेलच्या मानाने साखर कितीतरी कमी निघते. भट्टीवाल्यांनी स्वस्त पडणारं पेल माल्ट वाढवलं आणि पोर्टर फिकी पडू लागली. रंगाला जळकी साखर घालायचे, तर १८१६ चा कायदा आडवा आला. १८१७ मध्ये डॅनियल व्हीलरने कॉफी भाजायच्या पिंपासारखं यंत्र काढून काळं माल्ट केलं आणि सगळ्यांची सुटका झाली. त्यानंतर आयरिश लोकांनी ब्राउन टाकून दिलं, फक्त पेल आणि काळं. लंडनने ब्राउन सोडलं नाही. तेव्हा तुम्हाला १८४० ची लंडन पोर्टर हवी असेल तर पेल जास्त, ब्राउन पाचवा-सहावा हिस्सा, काळं चिमूटभर. पण ब्राउन लाकडावरचं करून बघा, मलाही उत्सुकता आहे.

आणि मुरवायला मोठी टाकी बांधू नका. १७ ऑक्टोबर १८१४ ला लंडनला म्यूच्या भट्टीतली २२ फूट उंच टाकी फुटली, पोर्टरचा लोंढा शेजारच्या गरीब वस्तीत घुसला आणि आठ माणसं गेली.

———

पीपवाला | ८ मार्च, दुपारी ३:१५

लाह्या हा शब्द वाचला आणि डोक्यात दिवा लागला. आईला फोन केला, ज्वारीच्या लाह्यांचं तंत्र विचारलं. ती म्हणाली, दाण्यांना आधी पाण्याचा हबका मारून झाकून ठेव, कढई लाल होऊ दे, एका वेळी मूठभरच टाक, आणि हात थांबवू नकोस.

परसात विटांची चूल मांडली, ओकची लाकडं, लोखंडी कढई. पहिली मूठ जळाली. दुसरी नुसती तडतडली. तिसऱ्या मुठीला दाणे खरंच फुगले, निम्मे तरी, आणि धुरात बिस्किटाचा वास आला. पाव किलो जमलंय. दीड किलो लागणार आहे. शेजारच्या बाई कोंबड्यांसकट कुंपणाशी येऊन उभ्या आहेत आणि विचारताहेत की हे खायचं आहे का.

पुढचं रविवारी, पाऊस नसला तर.